जुना सह्यांचा बेसबॉल मिळालाय, किंमत कशी काढायची? (पायरेट्स, पिट्सबर्ग)

मॉनरोव्हिलकर (धागाकर्ता)
मंडळी, पोराच्या लिटल लीगमुळे जेवढं कानावर पडलं तेवढंच माझं बेसबॉलचं ज्ञान, तेव्हा सांभाळून घ्या. आम्ही पिट्सबर्गच्या पूर्वेला मॉनरोव्हिलला राहतो. शेजारच्या आजी (नव्वदीच्या आसपास) घर विकून लेकीकडे ओहायोला चालल्यात, आवराआवरीला आम्ही दोघं गेलो होतो, तर निघताना त्यांनी आमच्या चिरंजीवांच्या हातावर एक जुना बेसबॉल ठेवला, म्हणाल्या आमच्या ह्यांचा होता, तुला ठेव. त्यांचे 'हे' मिलमध्ये नोकरीला होते आणि सिझनमध्ये जादाचे पैसे म्हणून फोर्ब्ज फील्डवर (पायरेट्स ह्या इथल्या बेसबॉल टीमचं जुनं स्टेडियम) अशरचं, म्हणजे प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचे. बॉलवर वीस-बावीस सह्या आहेत, सगळ्या पेनाने केलेल्या वाटतात, बॉल पिवळट तपकिरी पडलाय आणि वार्निश मारल्यासारखा चकाकतो. ईबेवर बघितलं तर असल्या बॉलला कोणी चाळीस डॉलर मागतंय, कोणी चाळीस हजार, मला काही टोटल लागेना. प्रश्न दोन आहेत. एक, किंमत काढायची कशी. दुसरा, मोठी निघाली तर आजींना सांगायला नको का? बायकोचं म्हणणं आहे की किंमत काढायच्या आधीच सांग.

टवाळ_टोरांटो
वहिनींना +१. आणि पोराला तो बॉल घेऊन बॅकयार्डात जाऊ देऊ नका.

जुनाबाजारवाला
मी न्यू जर्सीत, पंचवीसेक वर्षं हा किडा आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो. पहिली गोष्ट म्हणजे बॉल पुसू नका. ओलं फडकं नाही, खोडरबर नाही, काही नाही. उघड्या हाताने सह्यांवर बोटं फिरवू नका, उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली शोकेसमध्ये ठेवू नका, तूर्तास स्वच्छ कोरड्या सुती मोज्यात घालून कपाटात टाका. ती चकाकी म्हणजे बहुतेक शेलॅक, लाखेचं वार्निश. जुन्या काळी लोक सह्या टिकाव्यात म्हणून हौसेने मारायचे आणि तेच वर्षांनुवर्षं पिवळं पडत जातं. काढायला जाऊ नका, शाई त्याच्याबरोबर येते. किंमत कमी होते त्याने, पण बॉल बाद होत नाही.

आता सह्या सोडा, आधी बॉल वाचा. शिवणीच्या मधे छापलेलं काय दिसतं? इथे मोठ्या बेसबॉलच्या दोन लीग, नॅशनल (पायरेट्स त्यातले) आणि अमेरिकन. नॅशनल लीगचा अधिकृत बॉल १९७६ पर्यंत स्पॉल्डिंग कंपनीचा, अमेरिकन लीगचा सत्तरीच्या दशकापर्यंत रीचचा, १९७७ पासून दोन्ही रॉलिंग्जचे. त्यावर लीगच्या प्रेसिडेंटचं नाव छापलेलं असतं आणि वय काढायला ह्यासारखी दुसरी सोय नाही. नॅशनल लीगमध्ये फोर्ड फ्रिक १९३४ ते १९५१, मग वॉरन जाइल्स १९६९ पर्यंत, मग चब फीनी १९८६ पर्यंत. अमेरिकनमध्ये विल हॅरिज १९३१ ते १९५९, नंतर जो क्रोनिन १९७३ पर्यंत. म्हणजे कोणी १९५५ च्या ब्रुकलिन डॉजर्सचा म्हणून बॉल दाखवला आणि त्यावर फीनी दिसला तर चहा पिऊन घरी यायचं. प्रेसिडेंटचं नावच नसेल तर तो दुकानातला साधा बॉल, त्यावरही खऱ्या सह्या असू शकतात पण भाव पडतो.

मॉनरोव्हिलकर
धन्यवाद! भिंगातून बघितलं. स्पॉल्डिंग स्पष्ट आहे, त्याच्याजवळ 'वॉरन सी. जाइल्स, प्रेसिडेंट' असं पुसट निळं.

ओकलंडचा_विद्यार्थी
जाइल्स + पायरेट्स + फोर्ब्ज फील्ड!! काका १९६० असेल तर लॉटरी आहे! १३ ऑक्टोबर १९६०, वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, नवव्या इनिंगला मॅझेरॉस्कीचा होमरन, यांकीज १०-९ ने गार. मी पिटला (पिट्सबर्ग विद्यापीठात) शिकतो, फोर्ब्ज फील्डच्या भिंतीचा तुकडा अजून आमच्या कँपसवर उभा आहे, दर १३ ऑक्टोबरला म्हातारी मंडळी खुर्च्या टाकून तिथे त्या मॅचची जुनी रेडिओ कॉमेंटरी पहिल्यापासून ऐकतात, स्कोअर पाठ असून टाळ्या वाजवतात. सह्या कोणाच्या आहेत ते टाका लवकर!

सुमेधा_एडिसन
बॉलपेनने केल्यात की फाउंटन पेनने हेही बघा. आमच्या ऑफिसात एकाने १९२७ च्या यांकीजचा बॉल म्हणून अभिमानाने ठेवलाय, बेब रूथ, लू गेरिग सगळे हजर, सगळे बॉलपेनने. बॉलपेन अमेरिकेत दुकानात आलं १९४५ साली, गेरिग गेला १९४१ ला. मी काही बोलले नाही, माझा मॅनेजर आहे तो.

टवाळ_टोरांटो
अप्रेझलच्या सिझनला तर अजिबात बोलू नका.

मॉनरोव्हिलकर
रात्री पोराला घेऊन बसलो, तो वाचत होता मी लिहीत होतो. सगळं निळ्या बॉलपेनचं आहे, छटा मात्र दोन-तीन वेगळ्या. दोन शिवणी जवळ येतात त्या अरुंद जागी एकटीच सही: डॅनी मर्टॉ. बाकी: डिक ग्रोट, बिल मॅझेरॉस्की, व्हर्न लॉ, एलरॉय फेस, डॉन होक, बिल व्हर्डन, स्मोकी बर्जेस, हार्वी हॅडिक्स, बॉब फ्रेंड, बॉब स्किनर, बॉब ओल्डिस, डिक स्टुअर्ट, रॉकी नेल्सन, हॅल स्मिथ, जीनो सिमोली, बॉबी शँट्झ, जो क्रिस्टोफर. एक 'क्लेम' आणि पुढचं वार्निशखाली गेलंय, मला तो क्लेमेंटे वाटतोय. एक 'बॉब' आणि पुढे लांब गिचमिड. दोन अजिबात लागत नाहीत.

ओकलंडचा_विद्यार्थी
मर्टॉ, ग्रोट, मॅझ, लॉ, फेस, होक... पूर्ण चॅम्पियन टीम आहे ही! आणि क्लेमेंटे, त्या टीमचा मोठा स्टार! काका पार्टी!

फिरकीवाला
जरा थांबा रे. बॉबी शँट्झ बघा. १९६० च्या त्या सातव्या मॅचला शँट्झ मैदानात होता खरा, पण यांकीजकडून! आठव्या इनिंगला व्हर्डनचा सरळसाधा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) उडून यांकीजचा शॉर्टस्टॉप (फिल्डर) क्युबेकच्या गळ्यावर बसला आणि मॅच फिरली, तेव्हा बॉल टाकणारा हाच. पुढे डिसेंबर १९६० मध्ये नव्या वॉशिंग्टन टीमने त्याला एक्स्पान्शन ड्राफ्टमध्ये (नव्या टीमला जुन्या टीमांतले खेळाडू निवडू देतात तो) उचललं आणि दोनच दिवसांत पायरेट्सना दिलं. १९६१ चा सिझन संपल्यावर ह्यूस्टनने उचललं. म्हणजे पायरेट्सच्या बॉलवर शँट्झ असला की साल १९६१, दुसरं असूच शकत नाही. आणि जीनो सिमोलीला जून १९६१ च्या मध्यावर मिलवॉकीला पाठवला. दोघं एका बॉलवर, म्हणजे बॉल १९६१ च्या वसंतातला, फार तर जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा.

जुनाबाजारवाला
फिरकीवाले, क्या बात. धागाकर्त्यांसाठी: कोण कधी कुठून कुठे गेला ह्याच्या याद्या बेसबॉल-रेफरन्स साइटवर फुकट मिळतात, सालाप्रमाणे टीम उघडायची आणि बॉलवरची नावं टिकमार्क करत जायची. सगळ्यात कमी खेळलेला, कोणाला न आठवणारा गडीच साल सांगतो. मोठे खेळाडू दहा-दहा वर्षं तिथेच असतात, त्यांचा उपयोग नाही.

भावाचं म्हणाल तर १९६० आणि १९६१ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक. माणसं ऐंशी टक्के तीच, पण १९६१ ला पायरेट्स सहावे आले, ७५ जिंकल्या ७९ हरल्या. लोकांना चॅम्पियन टीमचा बॉल हवा असतो, सहाव्या नंबरचा कोण शोकेसमध्ये ठेवणार. म्हणून विकणारे सर्रास 'अंदाजे १९६०' असं लिहितात, ते 'अंदाजे' महाग पडतं.

आता 'क्लेम'. पार्टीची घाई नको. १९६० च्या ऑगस्टपासून १९६१ अखेरपर्यंत त्या टीममध्ये क्लेम लबाइन नावाचा पिचर होता, आधी ब्रुकलिनला गाजलेला. क्लेमेंटे नुसतं आडनाव लिहून सही करत नसे. तुमचा क्लेम हा लबाइन आहे अशी माझी पैज.

ओकलंडचा_विद्यार्थी
अरेरे. मग क्लेमेंटे नाहीच??

फिरकीवाला
ते चौथं 'बॉब' आणि लांब गिचमिड, त्याचा क्लोजअप टाका हो मॉनरोव्हिलकर. त्या काळात क्लेमेंटेला इथले पेपरवाले आणि कॉमेंटेटर सर्रास बॉब म्हणायचे, त्याला स्वतःला ते आवडायचं नाही तरी. टॉप्स कंपनीच्या बेसबॉल कार्डांवर तर १९५७ पासून १९६९ पर्यंत 'बॉब क्लेमेंटे' असंच छापत होते. तशा सह्याही त्याने केलेल्या सापडतात.

मॉनरोव्हिलकर
फोटो टाकलाय. पोराने मोबाइलची लाइट आडवी धरून काढला, त्याने वार्निशखालचं जास्त दिसतं. 'बॉब' नंतर मोठा सी, मग एल, मग लाटा लाटा, आणि मधेच टी ची आडवी रेघ लांबवर मारलेली. मला आता तो क्लेमेंटेच दिसायला लागलाय पण मनाचे खेळ असतील.

सुमेधा_एडिसन
मलाही दिसतोय. अंगावर काटा आला खरं तर. ३१ डिसेंबर १९७२, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन चाललेलं त्याचं विमान पडलं, ३८ वर्षांचा होता. कारकिर्दीत बरोब्बर ३००० हिट्स. आमच्याकडे पाहुणे आले की पीएनसी पार्कजवळच्या (पायरेट्सचं आताचं स्टेडियम) क्लेमेंटे ब्रिजवरून चालवायचो आणि ही गोष्ट सांगायचो (आम्ही आधी सात वर्षं पिट्सबर्गला होतो, पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराच्या देवळाजवळ).

जुनाबाजारवाला
वाचायला क्लेमेंटे आहे, ह्यात शंका नाही. लिहिलाय क्लेमेंटेने का, हा प्रश्न आहे, आणि अख्ख्या बॉलची किंमत त्यावर टांगलेली आहे. टीम बॉलचा भाव सह्या मोजून होत नाही. पंचवीस सह्यांतल्या बावीस जणांच्या एकट्या सह्या आज पाच-पंचवीस डॉलरला मिळतात, कारण ती मंडळी पुढे चाळीस वर्षं कार्यक्रमांत बसून सह्या करत होती. भाव ठरतो तो एक-दोन नावांवर, आणि त्यातही जो लवकर गेला त्याच्यावर. क्लेमेंटे तसा. यांकीजच्या १९७७-७८ च्या बॉलवर थर्मन मन्सन, १९७९ ला विमान अपघातात गेला. १९६९ च्या मेट्सच्या बॉलवर मॅनेजर गिल हॉजेस, १९७२ ला गेला. डॉजर्सचा रॉय कॅम्पानेला जगला, पण जानेवारी १९५८ च्या कार अपघाताने लुळा पडला, त्यामुळे त्याच्या त्याआधीच्या सहीला मोल.

आणि नेमक्या ह्याच मोठ्या नावांचा घोटाळा असतो. टीमला रोज डझनांनी बॉल सह्या करून द्यावे लागायचे, मालकांच्या पाहुण्यांना, हॉस्पिटलांना, पोलिसांना. ड्रेसिंगरूममधल्या टेबलावर बॉक्स मांडलेले असायचे, साधी मुलं निमूट सह्या करायची आणि स्टार कंटाळायचे. मग क्लबहाउसचा कामगार किंवा बॅटबॉय बसून त्यांच्या नावाने सही ठोकायचा. ह्याला क्लबहाउस सही म्हणतात. लबाडी नव्हती त्यात कोणाची, बॉल विकायचे कुठे होते तेव्हा! पण आज त्या सहीला शून्य किंमत. क्लेमेंटे क्लबहाउसचा निघाला तर तुमचा १९६१ चा शेलॅक मारलेला बॉल शे-दोनशे डॉलरमध्ये खेळेल. खरा निघाला तर चार आकडी होईल, शेलॅक असूनही.

मॉनरोव्हिलकर
घरबसल्या काही ओळखता येतं का?

फिरकीवाला
तुमच्या बॉलवर तर मजाच आहे, चार बॉब आहेत! फ्रेंड, स्किनर, ओल्डिस आणि क्लेमेंटे. चारही 'बॉब' शेजारी शेजारी फोटो लावून बघा. क्लबहाउसवाला एका बैठकीत तीन-चार जणांच्या सह्या मारतो, आडनाव बदलतं पण बी चं पोट, ओ चं तोंड, अक्षरांचा कल तोच राहतो, पेनची छटापण तीच. शँट्झचा 'बॉबी' पण घ्या त्यात, पाचवा साक्षीदार.

टवाळ_टोरांटो
बॉबांची ओळखपरेड!

मॉनरोव्हिलकर
केलं. फ्रेंडचा बॉब उभा, बारीक, शाळामास्तरासारखा. स्किनरचा उजवीकडे झुकलेला, दोन्ही बी जोडलेले. ओल्डिसचा पहिला बी उघडाच, तीन आकडा काढल्यासारखा. बॉबी गोल गोल. चौथा बॉब ह्यातल्या कोणाशीच जुळत नाही, घाईत केलेला आणि पेन दाबून, आडव्या उजेडात कातड्यावर खाच दिसते. छटा मात्र त्याची आणि व्हर्डनची एक.

जुनाबाजारवाला
खाच आहे हे बरं. छापील नाही एवढं नक्की (स्टेडियमच्या दुकानात छापील सह्यांचे बॉल मिळायचे, त्यात सगळ्या सह्या एकाच रंगाच्या आणि कातड्यावर दाब शून्य). छटा व्हर्डनशी जुळते ह्याचं टेन्शन नको, टेबलावरचं एक पेन दहा जण वापरतात, उलट वीसच्या वीस सह्या एका शाईत असत्या तर मी जास्त घाबरलो असतो. व्हर्डन आणि चौथ्या बॉबचं हस्ताक्षर मात्र ताडून बघा.

पण शेवटी माझं-तुमचं मत बाजारात चालत नाही. पीएसए, जेएसए किंवा बेकेट, सह्या तपासणाऱ्या ह्या तीन कंपन्यांपैकी कोणाचं तरी पत्र लागतं. नुसत्या फोटोवरून थोडक्या पैशात प्राथमिक मत मिळतं, आधी ते घ्या. अनुकूल आलं तरच बॉल पाठवून पूर्ण पत्राची फी भरा, नाहीतर शंभराच्या वस्तूला दोनशेचं सर्टिफिकेट होतं. आणि पत्र टीम बॉलचं असेल तर नीट वाचा, 'अमुक सही क्लबहाउसची' असं एक वाक्य त्यात आत कुठेतरी दडलेलं असतं. ईबेवाले ते पान फोटोत दाखवतच नाहीत.

कोकणस्थ_सॅन_डिएगो
सर्टिफिकेटवर पण आंधळा विश्वास नको. आमच्या गावची गोष्ट आहे, नव्वदीच्या दशकात इथे बनावट सह्यांचा मोठा कारखानाच चालला होता. पाद्रेज ह्या इथल्या टीमचा खेळाडू टोनी ग्विन, त्याला टीमच्या स्वतःच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या सापडल्या! एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' काढून टोळी पकडली. मालात काय सापडलं तर मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल. प्रत्येक वस्तूबरोबर छान छापलेलं सर्टिफिकेट होतंच, तेही त्यांनीच छापलेलं.

नाना_नागपूर
मदर तेरेसा पिचर होत्या की कॅचर?

अवांतर: आमच्या मामांकडे वाड्यात एक बॅट आहे, १९७१ च्या भारतीय टीमच्या सह्या आहेत म्हणतात. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर वाचता येतात. मामा म्हणतात वेस्ट इंडिजची, मामी म्हणते इंग्लंडची, ह्यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. हीच युक्ती चालेल का?

फिरकीवाला
धावेल! सलीम दुराणी शोधा, तो वेस्ट इंडिजला होता, पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइडला काढणारा, इंग्लंडला नव्हता. चंद्रशेखर आणि फारुख इंजिनिअर उलटे, वेस्ट इंडिजला नव्हते, इंग्लंडला होते. दुराणी दिसला तर मामा जिंकले, चंद्रा किंवा इंजिनिअर दिसला तर मामी.

नाना_नागपूर
मामींना फोन लावतो, मामांना नंतर.

मंजिरी_के
बॅट-बॉल राहू दे, त्या आजींचं काय ठरलं? एवढ्या प्रतिसादांत कोणी त्यावर चकार शब्द नाही. माझ्या मते किंमत यायच्या आधीच सांगावं, नंतर सांगितलं की त्यांना 'नको, ठेवा' म्हणणं जड जातं आणि तुम्हाला परत देणं.

मॉनरोव्हिलकर
मंजिरीताई, कालच गेलो होतो दोघं. सगळं सांगितलं, बॉल समोर ठेवला. आजींनी आधी चष्मा शोधला, मग म्हणाल्या ह्यांनी वार्निश मारलं तेव्हाच मी ओरडले होते, किचनमध्ये आठवडाभर वास होता. बॉल परत घ्यायला तयार नाहीत. लेकीशी फोनवर बोललो, तिचं म्हणणं खरा निघाला आणि कधी विकलाच तर निम्मे आईला द्या, नाही विकला तर पोराचा. आम्हाला पटलं, तसं मेलवर लिहूनही ठेवलं. आजोबांचा अशरच्या युनिफॉर्ममधला फोटो पण मिळाला, मागे पेन्सिलीने १९६१ लिहिलंय!!

जुनाबाजारवाला
फोटो सांभाळा, आणि आजी आहेत तोवर बॉल कुठून कसा आला ते एका कागदावर त्यांच्याकडून लिहून, सही घेऊन नोटराइज करा. अशा कागदाने खोटी सही खरी होत नाही, पण खऱ्या सहीला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं.

मॉनरोव्हिलकर
अपडेट: फोटोवरचं प्राथमिक मत आलं. क्लेमेंटे 'खरी असण्याची शक्यता जास्त'. 'क्लेम' हा लबाइनच. गंमत म्हणजे डिक स्टुअर्टची सही संशयास्पद म्हणतात! आता पूर्ण पत्रासाठी बॉल पाठवायचाय. विकायचा विचार आत्ता नाही, पण इन्शुरन्सला आकडा काय लावू?

जुनाबाजारवाला
अभिनंदन! स्टुअर्ट गेला तर जाऊ दे, त्याने काडीचा फरक पडत नाही. आकड्यासाठी लोक मागतात त्या किंमती बघायच्याच नाहीत, ईबेवर 'विकलेले' एवढंच फिल्टर लावा, आणि हेरिटेज, आरईए, लीलँड्स ह्यांच्या जुन्या लिलावांचे निकाल साइटवर असतात ते. १९६१ पायरेट्स, क्लेमेंटेसकट, शेलॅकवाले असे दोन-तीन सापडले तरी पुरे, १९६० चे धरू नका. लिलावाच्या आकड्यात गिऱ्हाइकाने वर भरलेलं साधारण वीस टक्के प्रीमियम धरलेलं असतं, ते विकणाऱ्याला मिळत नाही. इन्शुरन्सला पूर्ण आकडा लावा, विकायचा हिशेब करताना मात्र तेवढं वजा.

सुमेधा_एडिसन
टॅक्सचं पण एकदा सीएशी, म्हणजे इथल्या सीपीएशी बोला. असल्या वस्तूंवर लाँग टर्म गेन कमाल २८ टक्क्यांनी लागतो, शेअरसारखा नाही. आणि भेट मिळालेल्या वस्तूला देणाऱ्याचीच खरेदी किंमत चिकटते. आजींना तो आजोबांकडून वारसाने आला असेल तर आजोबा गेले तेव्हाचा बाजारभाव त्यांची किंमत धरतील, म्हणजे ते साल विचारून ठेवा.

मॉनरोव्हिलकर
नोंद केली. फेडेक्सने पाठवू का? ऑफिसखालीच आहे.

जुनाबाजारवाला
नको. कुरिअरवाले असल्या संग्राह्य वस्तूंना भरपाईची मर्यादा फार कमी ठेवतात, बारीक अक्षरात असतं. पोस्टाचं रजिस्टर्ड मेल, ५०,००० डॉलरपर्यंत विमा निघतो, हळू जातं पण प्रत्येक टप्प्यावर सही करून हातात घेतात. खोक्यावर प्लॅस्टिकची चिकटपट्टी चालत नाही, ब्राऊन कागदी टेप लागते, नाहीतर काउंटरवरची बाई परत पाठवेल. बॉल ॲक्रिलिकच्या डबीत, डबी बबल रॅपमध्ये, आणि आधी सगळ्या बाजूंनी फोटो.